गोदूताई परुळेकर आणि आजोबांच्या वहीतलं ‘माल नाही’

नौपाड्याची_वृंदा

गेल्या महिन्यात आईचं जुनं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा तळाशी आजोबांची एक हिशेबाची वही सापडली. लाल कापडी पुठ्ठा, शिवण उसवलेली. आजोबा चरईतल्या एका गवताच्या वखारीत हिशेबनीस होते. तेव्हा ठाण्यात टांगे होते, तबेले होते, मुंबईचे तबेले तर विचारूच नका. त्या सगळ्या जनावरांना लागणारं गवत डहाणू-उंबरगावकडच्या माळांवरून कापून यायचं. वहीत पानोपानी तेच: अमुक तारीख, गवत, इतके पौंड, इतके रुपये. अक्षर मोत्यासारखं.

मग १९४५ चा ऑक्टोबर येतो आणि पानं कोरी पडतात. तारखा घातल्यात, रकाने आखलेत, आकडा नाही. एका पानावर मात्र दोनच शब्द आहेत. ‘माल नाही.’

आईला विचारलं तर ती म्हणाली, लढाई नुकतीच संपली होती, तेव्हा सगळ्याचीच टंचाई. मला ते पटेना. टंचाईत माल कमी येतो, एकदम थांबत नाही. शेवटी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन शोधाशोध केली. तिथे गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हाती लागलं आणि आजोबांच्या कोऱ्या पानांचा उलगडा झाला. गवत आलं नाही कारण ते कापणाऱ्या वारल्यांनी विळा खाली ठेवला होता.

मी ठाण्यात जन्मले, ठाण्यात शिकले, तीस वर्षं ठाण्याच्याच शाळेत शिकवलं. हा संप माझ्या जिल्ह्यात झाला आणि मला तो पंचावन्नाव्या वर्षी एका वहीमुळे कळला. याची बोच आहे म्हणून हा धागा.

गोदूताई मूळच्या पुण्याच्या गोखले. जन्म १४ ऑगस्ट १९०७. वडील नावाजलेले वकील, घर सुखवस्तू. फर्ग्युसनमध्ये शिकल्या, मग कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रात कायदा शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. वकिलीची खुर्ची घरातच तयार होती. पण १९३२ मध्ये सत्याग्रहात तुरुंगात गेल्या आणि पुढे पुणं सोडून मुंबईला आल्या. नामदार गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाच्या आजीव सदस्य झालेल्या पहिल्या स्त्री त्याच. मुंबईत त्यांनी साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्या बायांना एकत्र आणलं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामगार म्हणायचं, हे तेव्हा कुणाच्या मनातसुद्धा आलं नसेल.

१९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न केलं. शामराव हे बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे १९३७ सालचे आमदार. खोतीविरोधी मोर्च्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. दोघं पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, युद्धाच्या सुरुवातीच्या काळात तुरुंगवास झाला आणि सुटल्यावर शेतकऱ्यांत काम करायचं ठरवून ठाणे जिल्ह्यात उतरले.

आपल्या टिटवाळ्याला, जिथे आपण मंगळवारी गणपतीला जातो तिथे, ७ जानेवारी १९४५ ला महाराष्ट्राच्या किसान सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. त्याला उंबरगाव-डहाणूकडचे मूठभर वारलीही आले होते. त्यांतले झरी गावचे माह्या धांगडा बोलायला उभे राहिले आणि त्यांनी वेठीची कहाणी सांगितली.

वेठ म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण आपण ‘वेठीस धरणं’ म्हणतो आणि विसरून जातो. जमीनदाराचं बोलावणं आलं की आपलं शेत तसंच टाकून त्याच्या शेतावर राबायला जायचं, फुकट. नकार दिला की मार. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की त्याच्याकडून खावटी आणायची आणि सुगीला ती कितीतरी जास्त मापाने फेडायची. लग्नाला पैसे उचलले की तो माणूस ‘लग्नगडी’ व्हायचा. नवरा तर राबायचाच, नव्या नवरीचीही मजुरी त्याच कर्जात जायची आणि ते कर्ज कधी फिटायचं नाही. हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने तिसाव्या दशकाच्या अखेरीस सरकारला अहवाल देऊन हे सगळं लिहून ठेवलं होतं. अहवाल कपाटात गेला आणि वेठ चालूच राहिली.

२३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. पाचेक हजार वारली जमले. ठरलं ते इतकंच: फुकट राबायचं नाही, कुणी मारायला आलं तर एकट्याने सोसायचं नाही, रोजाचे बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवायचा नाही. आणि वेठ सुटली. पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट एका पावसाळ्यात सुटली, कारण सगळ्यांनी एकाच वेळी ‘नाही’ म्हटलं.

त्यानंतर गवताचा हंगाम आला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये.

माझं मन या आकड्यापाशी थांबतं. वकिलीची पदवी घेतलेली, अर्थशास्त्र शिकलेली, रशियन क्रांती वाचलेली ही बाई. तिने लोकांपुढे काय ठेवलं, तर गवताचा भाव. स्वातंत्र्य, समाजवाद या शब्दांआधी एक आकडा, जो निरक्षर माणसालाही पाठ होतो, ज्यावर पाड्यापाड्यांत फाटाफूट पडत नाही. मला वाटतं त्यांचं सगळं राजकारण या एका गोष्टीत आहे. त्यांनी लोकांना असं काहीतरी दिलं, की पुढारी जवळ नसतानाही ते त्यांना हातात धरता आलं.

आणि पुढारी जवळ नव्हतेच. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोदूताई येणार, त्यांची सभा आहे असा खोटा निरोप पसरवला गेला. लोक जमले. तिकडे पोलिसांना वर्दी गेली होती की वारली दंगा करायला जमलेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. पाठोपाठ परुळेकर पतिपत्नींना जिल्हाबंदी झाली. सगळ्यांना वाटलं असेल, आता संपलं. संप चालूच राहिला. गवत उभं वाळलं, कुणी विळा लावला नाही. शेवटी जमीनदारांना तो दर मान्य करावा लागला.

आजोबांच्या वहीत गवत पुन्हा सुरू होतं तेव्हा भाव थोडा चढलेला आहे. त्याखाली आजोबांनी काही लिहिलेलं नाही. हिशेबनीस होते, आकडा लिहिला आणि पुढे गेले.

या भागातलं कुणी इथे असेल, घरी कुणी काही सांगितलं असेल, तर लिहा. मला ऐकायचं आहे.

मिलिंद_कळवा

वृंदाताई, सकाळी लोकलमध्ये वाचायला घेतलं आणि ठाणे कधी मागे पडलं कळलं नाही. ‘माल नाही’ वाचून अंगावर काटा आला.

पाचशे पौंड म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे किलो. अडीच रुपयांत.

शर्मिला_घोडबंदर

लेख मनापासून आवडला. पण एक प्रश्न. मी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ‘आद्य महिला राजकारणी’ अशी यादी शोधत होते. त्यात सरोजिनी नायडू येतात, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर येतात. गोदूताई दिसत नाहीत. त्या आमदार-खासदार म्हणून ओळखल्या जात नाहीत, मग त्यांना समाजसेविका म्हणायचं की राजकारणी?

नौपाड्याची_वृंदा

शर्मिला, राजकारणीच म्हण आणि ठासून म्हण. बाईने गरिबांत काम केलं की तिला ‘समाजसेविका’ म्हणून बाजूला बसवायची आपल्याला सवय आहे. शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले, म्हणून ते राजकारणी. ज्या लढ्यावर ती निवडणूक उभी होती त्यात तितकंच रक्त आटवलेल्या गोदूताई मात्र सेविका, हे कुठलं माप?

मजुरी कोण ठरवणार, जमीन कुणाची, जंगल कुणाचं, पोलीस कुणाच्या सांगण्यावरून गोळी घालणार, हे प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारले. राजकारण म्हणजे दुसरं काय असतं? अखिल भारतीय किसान सभेच्या त्या १९८६ मध्ये अध्यक्ष झाल्या. देशभरातल्या शेतकऱ्यांच्या एवढ्या जुन्या संघटनेच्या अध्यक्षपदी आलेली पहिली स्त्री, तीही ऐंशीच्या उंबरठ्यावर.

मुलीच्या यादीत त्यांचं नाव घाल.

शर्मिला_घोडबंदर

घातलं. पहिल्या पानावर.

कोर्टनाका_वाला

मी कोर्टनाक्याजवळ राहायचो. शाळेत असताना, सत्तरच्या दशकात, जिल्हाधिकारी कचेरीवर आदिवासींचे मोर्चे यायचे ते गॅलरीतून बघितलेत. रांग टेंभीनाक्यापर्यंत पोचलेली असायची. बायांच्या कडेवर पोरं, हातात लाल झेंडे, पायात काही नाही. आवाज मात्र असा की आमच्या खिडकीची तावदानं थरथरायची. आमच्याकडे घरात म्हणायचे, ‘आले लाल बावटेवाले.’ का येतात, कुठून येतात, पहाटे किती वाजता निघत असतील, हे मी कधी विचारलं नाही. वडिलांनीही सांगितलं नाही. एकदा आईने खाली उतरून दोन बादल्या पाणी ठेवलं होतं, तेवढं आठवतं. एका म्हातारीने आधी नातवाला पाजलं, मग दोन घोट स्वतः घेतले, मग बादली पुढच्या बाईकडे सरकवली.

तलासरीचा_पोरगा

मी तलासरीचा. वारली. आता ऐरोलीत राहतो, नोकरी तिथेच. इथे दोन वर्षं नुसतं वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय.

वृंदाताई, तुम्ही गवतापाशी थांबलात, ते बरोबर केलंत. मी गवत कापलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं बापाबरोबर जायचो. कमरेतून वाकून विळा चालवायचा, डाव्या हाताच्या मुठीत गवत धरायचं, पात्याची कड तळव्याला चिरे पाडते. संध्याकाळी भाकरीचं मीठ लागलं की हात झोंबतात. आणि जे शहरातल्या माणसाला समजत नाही ते सांगतो. कापताना गवत ओलं असतं. ते वाळलं की वजन भसकन उतरतं. म्हणजे काट्यावर सव्वादोनशे किलो भरायचं तर कापावं लागतं त्याच्या कितीतरी जास्त. काटा कुणाचा, तर घेणाऱ्याचा. म्हणून दर ठरवून मागणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याआधी घेणारा जे हातावर टेकवील ती मजुरी.

आमच्याकडे त्यांना ‘गोदाराणी’ म्हणतात. माझी आजी अजून आहे. तिचं वय कागदावर नाही, पण संपाच्या वेळी ती गुरं राखायची म्हणते, म्हणजे आठ-नऊ वर्षांची असणार. तिची आई लग्नगड्याची बायको. आजी सांगते, वेठ सुटली त्या साली तिच्या आईने आपल्या शेतातली लावणी पहिल्यांदा वेळेवर केली. एरवी आधी मालकाची लावणी, मग आपली, तोवर पाऊस सरायचा. आजीच्या लेखी लाल बावटा म्हणजे ती वेळेवर झालेली लावणी. भाषणं तिला आठवत नाहीत.

एक गोष्ट मनात सलते तीही लिहितो. पुस्तकांत, लेखांत गोदाराणी मोठ्या दिसतात आणि आमची माणसं गर्दीसारखी. माह्या धांगडा टिटवाळ्याला उभे राहिले नसते तर? जेठ्या गांगडच्या नावाने आमच्याकडे अजून दर १० ऑक्टोबरला लोक जमतात. लहानू कोम आमचेच, ते १९७७ मध्ये डहाणूतून खासदार झाले. शाळा-वसतिगृह चालवणाऱ्या आदिवासी प्रगती मंडळाच्या उभारणीत तेही होते. गोदाराणींबद्दल माझ्या मनात काय आहे ते शब्दांत सांगता येणार नाही, मी त्यांच्याच नावाच्या कॉलेजात शिकलो. पण त्यांनी आम्हाला जागं केलं, असं कुणी म्हटलं की वाटतं, आम्ही झोपलो नव्हतो. आम्ही एकेकटे होतो.

नौपाड्याची_वृंदा

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. माझ्या लेखात जेठ्या गांगडांना एकच ओळ मिळाली, ‘आणखी चार जण’ तर नावाशिवायच राहिले. ही चूक माझी. नवीन लिहिणाऱ्याने तरी ती करू नये.

डहाणूचा_नातू

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

माझं आजोळ डहाणू तालुक्यातलं. पणजोबांची तिथे मोठी जमीन होती. चिकूची वाडी, भाताची शेतं, गवताचे माळ. लहानपणी मे महिन्यात तिथे जायचो. आमच्या घरात गोदूताईंचं नाव निघालं की मोठी माणसं गप्प व्हायची, नाहीतर म्हणायची, ‘चांगली गरीब माणसं होती, लाल बावट्याने बिघडवली.’ मी हेच ऐकत वाढलो आणि कॉलेजमध्ये मित्रांशी वाद घालताना हेच बोललोसुद्धा आहे.

वीसेक वर्षांपूर्वी वाडा विकायला काढला तेव्हा माळ्यावर एक लोखंडी काटा निघाला. मामाने सहज सांगितलं, हा गवताचा. आणि मग, जरा थांबून, ‘याला एक खोड होती.’ कुठली खोड ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. आज तलासरीच्या दादांचा प्रतिसाद वाचताना तो काटा डोळ्यांपुढे आला.

पणजोबा घरात प्रेमळ होते, असं सगळे सांगतात. मुलांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे. मला दोन्ही खरं मानावं लागतं. ज्या काट्याने मजुरी कापली गेली त्यावरच माझ्या आईचं शिक्षण झालं. दादा, तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा. याहून जास्त काय लिहावं, सुचत नाही.

तलासरीचा_पोरगा

नमस्कार सांगेन. तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत.

कोपरी_सुनीता

मी आत्ताआत्ताचं सांगते. मार्च २०१८, रविवार होता. नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च ठाण्यातून पुढे जाणार होता. आमच्या सोसायटीतल्या चार-पाच जणी बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आनंदनगरला हायवेवर उभ्या राहिलो. एक आजी थांबल्या. त्यांची चप्पल केव्हाच फाटली होती, दोरीने बांधून ओढत चालल्या होत्या. तळवा बघितला तर कातडं सोलून लाल झालेलं. माझी मैत्रीण तिथेच रस्त्यावर बसली, स्वतःची चप्पल काढून त्यांच्या पायात घातली आणि अनवाणी घरी गेली. आजींना विचारलं, कशासाठी एवढं? म्हणाल्या, ‘प्लॉट नावावर नाय.’ वनजमिनीचं म्हणत होत्या. वनहक्क कायदा २००६ चा, आणि बारा वर्षांनी बाई पायी मुंबईला निघालेली.

दहावीची परीक्षा होती, पोरांना त्रास नको म्हणून त्या रात्री हे लोक झोपले नाहीत, रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालत गेले.

तेव्हा मला गोदूताई माहीत नव्हत्या. आज धागा वाचून समजलं की ही तीच किसान सभा, टिटवाळ्याची.

मिलिंद_कळवा

अवांतर होईल, पण राहवत नाही. त्याच १९४५ साली त्याच पट्ट्यात, बोर्डीला, ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. एकीकडे अंगणात पोरांना गोळा करून शिकवणं चाललंय, दुसरीकडे त्यांच्या आईबापांच्या मजुरीचा लढा. दोन्ही वाटा किती जवळून गेल्या असतील. यावर कुणी सविस्तर लिहील का?

कोर्टनाका_वाला

मिलिंद, त्यावर वेगळा धागा काढ, मी भर घालतो.

वृंदाताई, पुढचं आयुष्यही थोडं येऊ द्या. १९४५ वर थांबलं की वाटतं, जिंकले आणि संपलं.

नौपाड्याची_वृंदा

काका, खरं आहे.

गवतानंतर जंगलाचा लढा झाला. १९४६ च्या पावसाळ्यानंतर कुपांवर, म्हणजे तोडीसाठी दिलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर, लाकूड तोडणाऱ्यांनी दिवसाला सव्वा रुपया मागितला आणि काम थांबवलं. ठेकेदारांना नमावं लागलं. पण तोवर मुंबईत काँग्रेसचं सरकार आलेलं होतं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि गृहखातं मोरारजींकडे. पुन्हा हद्दपारी, पुन्हा पोलीस. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवलीला गोळीबार झाला आणि पुन्हा माणसं मेली. देश स्वतंत्र व्हायला सात महिने उरले होते.

त्यानंतर कूळकायदा आला, कसणाऱ्याला जमीन मिळायची लढाई कचेऱ्यांत आणि कोर्टांत गेली. इथे गोदूताईंचं कायद्याचं शिक्षण कामी आलं असणार, असं मला वाचताना सारखं वाटत राहिलं. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेलं. ज्या तालुक्यात झरीची सभा झाली त्याचे दोन तुकडे झाले. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, आदिवासी प्रगती मंडळ निघालं. शाळा, वसतिगृह, पुढे कॉलेज. दादा शिकले ते हेच.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, गोदूताई मार्क्सवादी पक्षाबरोबर राहिल्या. १९६५ मध्ये शामराव स्थानबद्धतेत असतानाच गेले. छत्तीसेक वर्षांपूर्वी सत्याग्रही म्हणून सुरू झालेलं आयुष्य धरलं, तर त्यातली कितीतरी वर्षं तुरुंगात आणि भूमिगत गेली. शामरावांमागे त्या तीस-एकतीस वर्षं जगल्या आणि काम करत राहिल्या. पुस्तक १९७० चं, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या. तलवाड्याच्या स्मरणदिनाला दोन दिवस उरले होते.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांची जी मोठी वसाहत आहे, तिला गोदूताईंचं नाव आहे. दहा हजारांच्या आसपास घरं.

(संपादन: वरचं ‘छत्तीसेक’ चुकलं. १९३२ ते १९६५ म्हणजे तेहेतीस. हिशेबनिसाची नात आहे, दुरुस्त करायलाच हवं.)

शर्मिला_घोडबंदर

२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून आपल्या मुलांच्या पुस्तकात ठाणे जिल्हा म्हणून जे येतं त्यातून हा सगळा भाग गेलाच. वारली चित्रं मात्र आमच्या सोसायटीच्या भिंतीवर आहेत. काल मुलगी त्या भिंतीपुढे उभी राहून विचारत होती, यातल्या गवत कापणाऱ्या बाया कुठल्या? मी तिला बसवून सगळं सांगितलं. प्रकल्पात आता एक पान जेठ्या गांगडांवर आहे.

तलासरीचा_पोरगा

वृंदाताई, मी पुढच्या रविवारी गावी जातोय. सकाळी सहाला ऐरोलीहून निघतो, घोडबंदरमार्गे मनोर, चारोटी आणि पुढे तलासरी. गाडीत जागा आहे. वही घेऊन आलात तर आजीला दाखवता येईल. तिला वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवीन.

नौपाड्याची_वृंदा

येते. माजिवड्याच्या पुलाखाली उभी राहते. आईही यायचं म्हणतेय, तिच्या गुडघ्यांना झेपेल का बघते.

डहाणूचा_नातू

तो काटा मामाने अजून टाकलेला नाही. दादा, तो कुणाला तिथे ठेवायला हवा असेल तर मी आणून देईन. तुम्ही म्हणाल तिथे.

तलासरीचा_पोरगा

कालच परत आलो. लिहितो म्हणालो होतो म्हणून लिहितो.

वृंदाताई आणि त्यांच्या आई, दोघी आल्या होत्या. आजी ओटीवर बसली होती. ताईंच्या आई तिच्या शेजारी टेकल्या, दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मी वही उघडली. तारखा वाचल्या, वजनं वाचली. आजी नुसती मान हलवत होती. ऑक्टोबरची पानं आली, मी म्हटलं, आजी, इथे काही लिहिलेलं नाही. आणि इथे एवढंच लिहिलंय, ‘माल नाही’.

आजीने पानावर बोट ठेवायला लावलं. मी तिचं बोट धरून त्या दोन शब्दांवर ठेवलं. तिच्या बोलीत ती जे बोलली ते इथल्या मराठीत लिहितो.

‘आम्हाला वाटायचं, आम्ही इथे उपाशी बसलोय ते फक्त आम्हालाच ठाऊक. म्हणजे ठाण्यात कळलं होतं.’